पाटी नसलेली मेकअपवाली: झाडीपट्टीतल्या एका नटीचा अनुभव

दोन वर्षांआधी मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतर गावोगावी भरणाऱ्या जत्रेच्या दिवसांत आमच्या कंपनीचं नाटक एका धानाच्या बांधीत, म्हणजे शेतात लागलं होतं. पहाटे साडेपाचला पडदा पडला, आम्ही तोंडं पुसली, गाडीत बसलो, झोपलो. चैत्रात त्याच गावी लग्नाला गेले तर बांधीचा मालक ओळखून जवळ आला. वाटलं, कामाचं कौतुक करणार. केलंही. मग म्हणाला, "बाई, एक दाखवतो," आणि घरामागून एक लगदा घेऊन आला. नांगराच्या फाळाला गुंडाळलेल्या पांढऱ्या चिंध्या. एका चिंधीवर माझी लाली तशीच होती. ती मरून शेड मी कुठंही ओळखीन. "पाच महिने झाले, काहून सडून नाही राह्यलं हे?" त्यानं विचारलं.

वेट वाइप्स. मी आजवर त्याला ओला कागद समजत होते. बहुतेक वाइप्समध्ये पॉलिस्टरचे धागे असतात, म्हणजे प्लास्टिकच, हे मला नंतर एका बाईनं सांगितलं. तिच्याबद्दलच हे लिहून राह्यली आहे.

आधी माझं सांगते, नाहीतर बाहेरच्या वाचकाला वाटेल ही कोण मोठी नटी. झाडीपट्टी म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा आमचा धानाचा आणि जंगलाचा पट्टा. दिवाळीपासून होळीपर्यंत इथं गावोगावी रात्रभर नाटकं होतात. गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाला नाटक कंपन्यांची ऑफिसं आहेत, गावकरी तिथं येऊन नाटक ठरवून जातात. २०२३ साली आमच्यातल्या परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा पुण्या-मुंबईच्या लोकांना आमचं नाव कळलं. मी एकोणीस वर्षं या धंद्यात आहे. सुरुवातीला हिरोईन, मग बहीण, आता आई आणि कजाग सासू. एका सीझनला सत्तर-ऐंशी नाईट होतात. रात्री नऊला तोंडाला रंग लागतो तो पहाटेच उतरतो. तेव्हा मेकअपबद्दल बोलायचा हक्क मला आहे असं समजा.

आणि तरीही माझ्या गालावर वांग, हनुवटीवर पुरळ, पापण्यांना खाज. तीन वर्षांपासून. डॉक्टर मलम द्यायचे, मी सीझनला परत तेच थापायची.

आमच्यातली लावणी करणारी एक पोट्टी म्हणाली, आरमोरीकडं एक मेकअपवाली आहे, ती मेकअप करत नाही, मेकअपचं सांगते. मी म्हटलं, सांगायचे पैसे? म्हणाली, सहाशे. बाप्पा! सहाशेत आमच्याकडं नवरीच्या करवलीचा मेकअप होतो, वर केसात गजरा.

वडसा-आरमोरी रस्त्यावर उतरून आत दीड-दोन किलोमीटर चालायचं. दुकान नाही, पाटी नाही. एक मातीचं घर, त्याची छपरी, छपरीत मोठा आरसा, दोन खुर्च्या. पाटी काहून नाही विचारलं तर म्हणाली, पाटी लावली की लोक भुवया करायला येतात. ती नागपूरला सहा वर्षं नवरीचे मेकअप करायची. तिच्याच हातांना ॲलर्जी झाली, बोटांच्या सालपट्या निघायला लागल्या, तेव्हा एकेका डब्यावरची बारीक अक्षरं वाचायला शिकली. मग आईच्या गावी परतली. आता सीझनला नाटकवाले आणि उन्हाळ्यात लग्नवाले तिच्याकडं जातात. वयानं माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान. मला "मावशी" म्हणाली. मी एक्केचाळीसची! रंगमंचावर रोज चार पोरांची आई होते त्याचं काही वाटत नाही, पण हे टोचलं.

फोनवर तिनं बजावलं होतं, तुम्ही वापरता ते सगळं आणा, संपलेलंही आणा, चेहरा धुऊन या, काही लावू नका. मी साबणाची पेटी भरून नेली. तिनं वर्तमानपत्र पसरलं आणि पेटी उलटी केली. एकतीस वस्तू निघाल्या. त्यात एक लिपस्टिक माझ्या पहिल्या सीझनची होती, ती मी आठवण म्हणून ठेवली होती असं सांगितलं. खरं म्हणजे टाकायचा जीव होत नव्हता.

पहिला तास तिनं माझ्या तोंडाला हात लावला नाही. एकेक डबी उलटी करून बघायची, वास घ्यायची, बाजूला ठेवायची. डबीच्या मागं उघड्या झाकणाच्या बरणीचं बारीक चित्र असतं, त्यात १२ एम, ६ एम असं लिहिलेलं असतं, हे एकोणीस वर्षांत मला कोणी दाखवलं नव्हतं. उघडल्यापासून तितके महिने वापरायचं असा त्याचा अर्थ. माझा पॅनकेक, म्हणजे तोंडाला थापायचा घट्ट रंग, उघडून चार वर्षं झाली होती. मस्कारा तर इतका जुना की त्यावरचं चित्रच पुसलं होतं.

मग तिनं माझा स्पंज उचलला. एका वाटीत कोमट पाणी घेतलं आणि त्यात पिळला. पाणी आधी गुलाबी झालं, मग तपकिरी, मग तळाला काळं काहीतरी बसलं. दुसरं पाणी घेतलं. पुन्हा तेच. चौथ्या वाटीपर्यंत मी तिच्याकडं बघायचं सोडून दिलं होतं. तिनं विचारलं, "मावशी, हा तुमच्या एकटीचा?" मी म्हटलं, नाही, कंपनीचा एक डबा, एक स्पंज, आम्ही बारा जण. ती काही बोलली नाही. मागच्या सीझनला आमच्यात एकाचे डोळे आले आणि आठवड्यात सगळ्यांचे आले होते, खलनायकानं काळा चष्मा लावून काम केलं, पब्लिकला वाटलं नवीन स्टाइल आहे. आम्ही हवेला दोष दिला होता. काजळाची पेन्सिलही आमची एकच असायची.

तिचा पहिला सल्ला हाच: स्पंज, ब्रश, काजळ, मस्कारा स्वतःचं, कोणाला द्यायचं नाही, नवऱ्यालाही नाही. डबा सामायिक असेल तर त्यात बोट घालायचं नाही, चमच्याच्या दांडीनं आपल्या हाताच्या पाठीवर काढून घ्यायचं आणि तिथून लावायचं. यात पर्यावरण कुठं आलं, तुम्ही म्हणाल. मीही म्हटलं. ती म्हणाली, चेहरा बिघडला की माणूस दहा नवीन डब्या आणतो, कचरा तिथून सुरू होतो.

मी तिला सरळ विचारलं, "म्हणजे हे सगळं फेकू आणि तुझं नैसर्गिक घेऊ, असंच नं?" ती हसली. म्हणाली, माझ्याकडं विकायला काहीच नाही. विकण्यासाठी सौंदर्यप्रसाधन बनवायचं तर लायसन्स लागतं, ते माझ्याकडं नाही, म्हणून मी बनवून विकत नाही. आणि नैसर्गिक हा शब्द ऐकून घाईनं खूश होऊ नका.

मग तिनं मुर्दाडशिंगाचं काढलं. आमच्या जुन्या नटांच्या तोंडून मी हे नाव ऐकलं होतं. पूर्वी तमाशात, दंडारीत म्हणजे आमच्या लोकनाट्यात, नाटकात तोंडाला तेच उगाळून लावायचे, छान गुलाबट चढायचं म्हणे. मुर्दाडशिंग म्हणजे शिशाचं भस्म. कोणत्या कारखान्यातल्या रसायनाला शिव्या द्यायच्या मग? शिसं अंगात साठून राहतं, हळूहळू नसांना आणि रक्ताला धरतं. आपल्याकडं आता सौंदर्यप्रसाधनात रंगासाठी शिशाचे क्षार वापरायला बंदीच आहे. पण जत्रेत मिळणारा सुटा सुरमा, विनालेबलचं कुंकू यात काय आहे ते कोण बघतं? तिनं माझ्या पेटीतला सुरमा वेगळा काढला तो याच कारणासाठी. उलट तुळशीवृंदावनाला लावतो त्या गेरूचा लाल रंग म्हणजे लोखंडाचा गंज, तसाच रंग कारखान्यात शुद्ध बनवून कंपनीच्या लिपस्टिकमध्ये आणि फाउंडेशनमध्ये घालतात. डब्यावर सीआय ७७४९१ असं लिहिलेलं असतं, सीआय म्हणजे त्या रंगाचा नंबर. चांगला, निरुपद्रवी रंग. म्हणून भिंतीचा गेरू तोंडाला लावायचा नाही हं, तो शुद्ध केलेला नसतो, त्यात काय काय असेल सांगता येत नाही.

आणि सीआय ७५४७०. हा कार्माइन. शंभर टक्के नैसर्गिक, सुंदर लालबुंद, आणि किड्यांपासून काढलेला. निवडुंगावर राहणारे बारीक किडे वाळवून, कुटून. माझी सासू माळकरी आहे. गेल्या दिवाळीला मी तिला जी लाल लिपस्टिक हौसेनं लावून दिली, फोटो काढला, तिच्या डबीवर हाच नंबर निघाला. मी घरी अजून सांगितलेलं नाही. हे वाचणाऱ्या माझ्या नणंदेनंही सांगू नये.

प्राण्यांवर चाचणी केली नाही म्हणून डबीवर सशाचं चित्र असतं, त्याचंही तिनं सांगितलं. भारतात २०१४ पासून सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी करायला बंदी आहे, तेव्हा इथं बनलेल्या वस्तूला फक्त सशासाठी दोनशे रुपये जास्त देऊ नका. अशी बाई मला आवडते. इको-फ्रेंडली म्हणवून घेते आणि इको-फ्रेंडलीच्या नावावर कुठं पैसे काढतात तेही सांगते.

माझं एक पाप मीच कबूल केलं. लॉकडाऊनमध्ये व्हिडिओ बघून मी बीटाचा रस, तूप आणि मेण घालून ओठांचा रंग केला होता. रंग धड मिसळला नाही, मेणात लाल ठिपके ठिपके राहिले, आणि पाच दिवसांत वर पांढरी बुरशी. तिनं एका वाक्यात सोडवलं: बीटाचा रंग पाण्यात विरघळतो, तेला-मेणात बसत नाही, शेंद्रीच्या बियांचा तेलात उतरतो. आणि जिथं पाणी आलं तिथं बुरशी आली, म्हणून पाणी असलेल्या क्रीममध्ये टिकवायचं औषध असलंच पाहिजे. "प्रिझर्व्हेटिव्ह नाही" असं छापलेली पाण्याची क्रीम बघितली की तिला भीती वाटते म्हणाली. घरी करायचं तर बिनपाण्याचं करा. एक भाग मधमाशीचं मेण, तीन भाग तेल, मंद आचेवर पाण्यात भांडं ठेवून वितळवायचं, झालं. तेल मोहाच्या बियांचं आणि एरंडीचं निम्मं निम्मं. मोहाचं तेल आमच्याकडं घरोघरी, थंडीत तुपासारखं थिजतं, टाचांना लावतोच. जवसाचं मात्र नको, ते हवेनं वाळून चिकट होतं, खवट वास मारतं. जवसाचं तेल ऑइल पेंटमध्ये घालतात ते उगाच नाही. हा मलम मी आता रंग लावायच्या आधी ओठांना आणि नाकाच्या कडेला लावते. मोहाचा वास येतो थोडा. आमचा ढोलकीवाला म्हणतो, आज आईसाहेब जरा घेऊन आल्या वाटतं.

दुसऱ्या तासात चेहरा. इथं माझं तिच्याशी थोडं वाजलं.

आमच्याकडं पद्धत अशी की कोणीही असो, दोन-तीन शेड गोरं करायचं. आधी पॅनकेक, त्यावर गुलाबी पावडर. मी सावळी नाही, चांगली काळी आहे. तोंड पिठासारखं, मान आपली, हात आपले. पूर्वी पिवळ्या हॅलोजनमध्ये ते खपून जायचं, आता पांढऱ्या एलईडीत चेहरा राखाडी दिसतो, मेलेल्या माणसासारखा. तिनं मला अंगणात उन्हात नेलं, हातात आरसा दिला आणि जबड्याच्या कडेला, कानापासून मानेकडं, तीन रंगांच्या तीन उभ्या रेघा ओढल्या. म्हणाली, दोन मिनिटं थांबा आणि कोणती रेघ दिसेनाशी होते ते सांगा. पहिली पांढरट, चुन्यासारखी. दुसरी केशरी. तिसरी मला दिसेना. मी आरसा हलवला, मान वळवली, तिनंच बोट ठेवलं तेव्हा कळलं कुठं आहे ती. स्वतःच्या रंगाचा रंग मी त्या दिवशी पहिल्यांदा तोंडाला लावला. मनगटावर, हाताच्या पाठीवर शेड बघायची नाही, हात आणि तोंड एका रंगाचे नसतात. ट्यूबलाइटखाली बघायची नाही. दुकानदार आत बस म्हणाला तरी डबी घेऊन दारात यायचं.

मी म्हटलं, हे लग्नात ठीक आहे, आमच्या मागच्या रांगेतल्या माणसाला माझं तोंडच दिसणार नाही. ती म्हणाली, मागच्या माणसाला गोरेपण दिसत नाही, भुवई दिसते. डोळा आणि ओठाची कड दिसते. थर कमी करा आणि रेघा जाड करा. आणि चमकी बंद. लावणीवाल्या पोरी डोळ्यांवर टाकतात ती चमकी प्लास्टिकची असते, डोळ्यात गेली तर बुबुळाला खरचटते, आणि धुतली की वैनगंगेत. युरोपात ऑक्टोबर २०२३ पासून सजावटीची सुटी प्लास्टिकची चमकी विकायलाच बंदी आली, मेकअपच्या चमकीला मात्र अजून मुदत आहे. बाकी चमचम बरीचशी अभ्रकाची, त्याच्या झारखंडातल्या खाणीत लहान लेकरं काम करताना सापडली आहेत. चमकायचं असेल तर साडी चमकू दे, टिकल्या शिवलेली. हे मला पटलं. आमच्या पोरींना अजून पटायचं आहे.

आता तक्रारी. आहेत, आणि लहान नाहीत.

एक, तिनं अकराची वेळ दिली आणि पावणेबाराला आली. म्हैस सुटली होती. म्हैस सुटते, मान्य, पण फोन तर होता. दोन, बांबूच्या ब्रशावर तिनं मला दहा मिनिटं ऐकवलं. माझ्याकडं बारा वर्षं जुना लाकडी दांड्याचा ब्रश आहे, एक केस गळालेला नाही, तो दाखवल्यावर गप्प झाली आणि म्हणाली, हाच ठेवा, नवा बांबू कायला घेता. तेच आधी म्हणायचं होतं नं. तीन, पृथ्वीबद्दल बोलताना तिचा आवाज बदलतो. कंपनीत मला रोज एकपात्री ऐकायला मिळतात, अजून एक नको.

चौथी तक्रार खरी. रंग बसवायला पावडर कोणती म्हणून विचारलं, तर म्हणाली बाजारची कायला, तुमच्या घरी तांदूळ आहे, बारीक दळून मलमलीतून दोनदा गाळा. पूर्वी तोंडाच्या पावडरी तांदळाच्याच असायच्या. धानाच्या मुलखात हे ऐकायला किती गोड वाटतं! मी केलं. नवीन नाटकाची पहिलीच नाईट, दुसऱ्या अंकात मुलगा शहरातून येतो आणि आईच्या गळ्यात पडतो. डिसेंबर असला तरी मंडपात हजार माणसं, वर दिवे, घाम सुटलेला. तो गळ्यात पडला, बाजूला झाला, आणि त्याच्या काळ्या कोटावर माझा अख्खा गाल होता. पांढरा, कानासकट. पब्लिक हसलं. कोणीतरी ओरडलं, "माय, भाकरी थापत होती का?" मुलाचं काम करणारा पोट्टा हुशार, त्यानं ताबडतोब वाक्य टाकलं, "आई, अजून पीठ दळतेस तू?" आणि टाळी घेतली. माझ्या तोंडावर मात्र ओल्या पिठाच्या गुठळ्या झाल्या होत्या आणि काळ्या कातडीवर त्या चंद्रपुरात दिसल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी मी तिला फोनवर मनातलं सगळं सांगितलं. तिनं कारणं दिली नाहीत. म्हणाली, चुकलं, तुम्ही सात तास घामात असता हे मी धरलं नाही, हा सल्ला सावलीत दोन तास बसणाऱ्या बाईसाठी होता. बिनरंगाची बाजारची पावडर घ्या, दाबून लावा, घासू नका, आणि घाम पुसायचा नाही, कापडानं टिपायचा. पुन्हा बोलावलं, अर्धा तास बसवून दाखवलं, पैसे घेतले नाहीत. पावडर प्लास्टिकच्या डबीत येते, त्याला इलाज नाही, हेही तीच म्हणाली. रंगमंचाचा बेसही शेवटी तिनं मोठ्या कंपनीची स्टिकच सांगितली, फक्त माझ्या रंगाची. साडेआठशे पडले. पण आधी पाच वस्तू थापायची, आता दोन.

कंपनीच्या मालकांना ते आवडलं नाही हे सांगायला पाहिजे. पहिल्या दिवशी विचारलं, "आज तोंड रंगवलं नाही का?" मी म्हटलं, रंगवलंय, मागं जाऊन बघा. ते खरंच शेवटच्या रांगेत जाऊन उभे राहिले आणि आल्यावर म्हणाले, डोळे चांगले दिसून राह्यले. मग थोडं थांबून: "आई अशी चालेल. हिरोईन गोरीच पाहिजे." त्यावर मेकअपवाली काय करणार.

त्या हिरोईनला मी तिच्याकडं पाठवलं होतं. मेकअपवालीनं तिचा मेकअप बघायलाच नकार दिला. पोरगी दोन वर्षं मेडिकलमधून गोरं होण्याची ट्यूब आणून लावत होती. चेहरा लाल, पातळ, उन्हात आग, गालावर लव. ट्यूबवर बारीक अक्षरांत स्टिरॉइडचं नाव निघालं. अशी चौदा स्टिरॉइड मलमं २०१८ पासून डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई आहे, पण मेडिकलवाला ओळखीचा असला की चिठ्ठी कोण मागतो. तिनं सांगितलं, आधी कातडीचा डॉक्टर, एकदम बंदही करू नको, डॉक्टर सांगेल तसं सोडव, मग माझ्याकडं ये. सहाशे रुपये परत दिले. पोरगी रडत आली, मला शिव्या घातल्या, पण ब्रह्मपुरीला डॉक्टरकडं गेली.

आता ज्या चिंध्यांपासून मी सांगायला सुरुवात केली ते, तोंड पुसणं. हा सगळ्यात कामाचा भाग, आणि याला खर्च जवळपास शून्य.

जुनं सुती लुगडं घ्यायचं, जितकं धुतलेलं तितकं चांगलं. वीतभर चौकोन कापायचे, कडा दुमडून शिवायच्या नाहीतर दोरे डोळ्यात जातात. मी आजेसासूच्या लुगड्याचे चोवीस केले. नाटक सुटल्यावर हात कोरडे, तोंड कोरडं, खोबरेल तेल तळहातावर घेऊन तोंडाला मिनिटभर हळू चोळायचं. पाणी लावायचं नाही आधी, इथंच सगळे चुकतात. रंग तेलात सुटतो, सगळं तोंड चिखलासारखं होतं, त्याला घाबरायचं नाही. पापण्यांवर तेलाचं कापड ठेवून वीस मोजायचे, घासायचं नाही. मग गरम पाण्यात पिळलेल्या कापडानं टिपून घ्यायचं आणि शेवटी साध्या फेसवॉशनं धुवायचं, तेल तसंच ठेवलं तर पुन्हा पुरळ. वापरलेली कापडं झाकणाच्या डब्यात, घरी आल्याबरोबर गरम पाणी-साबणात, मग कडक उन्हात. डब्यात विसरलात तर तिसऱ्या दिवशी डबा उघडायची हिंमत होणार नाही. मी एकदा विसरले.

पहाटे पाचला, बोअरचं पाणी बर्फासारखं, बाकीचे गाडीत बसून हॉर्न मारतात, तेव्हा हे सगळं करणं सोपं नाही. वाइप काढा, फिरवा, फेका, याला अर्धं मिनिट लागायचं. मला आता आठ मिनिटं लागतात. चहावाल्याकडून थर्मासभर गरम पाणी घेते, त्याला दहा रुपये देते. पण हिशोब करा: पूर्वी नव्वद रुपयांचं पाकीट दोन नाईट पुरायचं, ऐंशी नाईटला छत्तीसशे. आता अख्ख्या सीझनला तेल, फेसवॉश आणि चहावाला मिळून सतराशेच्या आत. पापण्यांची खाज महिन्यात गेली. पुरळ बरंच कमी. वांग तसाच आहे, त्याचं तिनं आधीच सांगितलं होतं की वांग मेकअपनं जात नाही, उन्हापासून जपा, दिवसा सनस्क्रीन लावा आणि डॉक्टरला दाखवा.

बारा जणांपैकी पाच जण आता कापडं वापरतात. खलनायक नाही. तो म्हणतो, मी लुगड्यानं तोंड पुसलं तर माझा दरारा राहील का.

जायचं असेल तर दुपारी तीननंतर जा, सकाळी म्हशीचं काही ना काही असतं. आधी फोन करा, घरातल्या सगळ्या डब्या पिशवीत घालून न्या, लाजू नका. नवीन काही लावायला दिलं तर ते कानामागं लावून दोन दिवस वाट बघायला सांगते, तेव्हा लग्नाच्या आदल्या दिवशी जाऊन उपयोग नाही. लग्नसराईत महिनाभर आधी नंबर लावा. सुटे पैसे न्या, बिल मिळत नाही. तांदळाच्या पिठाचं काही सांगितलं तर माझं नाव सांगा. दारात एक काळं कुत्रं आहे, ते नुसतं भुंकतं.